शैक्षणिक साहित्य वर्गात वापरताना या चुका टाळा

कपाट साहित्याने भरलेले आहे, कृतिपत्रिकांच्या प्रती काढलेल्या आहेत, तरीही मुले अडायची तिथेच अडतात, असा अनुभव येतो तेव्हा आणखी साहित्य गोळा करण्याआधी हाताशी असलेले कसे वापरले जाते ते पाहावे.

गणितातील दशक-एककाचेच पाहा. 32 मधून 17 वजा करायला सांगितल्यावर एखादे मूल 25 हे उत्तर लिहिते. ही निष्काळजी चूक नसते. 2 मधून 7 जात नाहीत म्हणून त्याने 7 मधून 2 काढले आणि 3 मधून 1. अशा वेळी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बाहेर येतात, आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते: गठ्ठा शिक्षकच सोडतात आणि मुले पाहत राहतात. तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्यांतून सात काड्या देता येत नाहीत, ही अडचण मुलाच्या हाताला जाणवली पाहिजे. मग त्याने स्वतः एक गठ्ठा सोडावा, 12 सुट्या काड्या मोजाव्यात, त्यातून सात बाजूला काढाव्यात आणि उरलेल्या दोन गठ्ठ्यांपैकी एक द्यावा. हे होईपर्यंत शिक्षकांनी हात मागे बांधून उभे राहणे जड जाते, पण ते करावेच.

त्याला लागूनच दुसरी चूक होते. आज काड्या आणि उद्या थेट वहीतली उभी मांडणी, अशी उडी मारली जाते. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन रूपांतील आकलन मांडले होते. त्यातले मधले रूप बहुतेकदा गळते. गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी टिंब काढून तेच उदाहरण सोडवून घेतले, तर वहीतला हातचा कुठून आला हे मुलाला सांगता येते. ते सांगता आले की काड्या बाजूला ठेवाव्यात, कारण गरज संपल्यावरही दिलेला आधार मुलाला त्यावरच टेकून राहायला शिकवतो.

तयार कृतिपत्रिकांच्या बाबतीत बहुतेक बिघाड छापण्याआधी पकडता येतात. ‘लाल फुगे मोजा’ असे लिहिलेली पत्रिका काळ्या-पांढऱ्या छपाईत निरुपयोगी ठरते. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जावीत यासाठीची पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा आणि छपाईसाठी पीडीएफ करावी. एक प्रत काढून ती शिक्षकांनी स्वतः पेन्सिलीने सोडवावी: उत्तराला जागा पुरते का, चित्रच उत्तर सांगून टाकते का, हे पाच मिनिटांत कळते. शब्द न वाचता नुसत्या चित्रावरून जोड्या लागत असतील, तर ती वाचनाची पत्रिका नव्हेच.

भिंतींविषयी थोडे कटू लिहावे लागेल. तक्त्यांनी गच्च भरलेला वर्ग पाहुण्यांना आवडतो. परंतु अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खूप सजवलेल्या खोलीत बालवाडीच्या मुलांचे लक्ष अधिक वेळ विचलित झाले आणि त्यांचे शिकणेही कमी झाले. चालू पाठाचे तक्ते समोर ठेवावेत, बाकीचे उतरवावेत.

इतरांचे साहित्य घेताना परवानाही वाचावा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे साहित्य कसे वापरता येईल हे निर्मात्याने आधीच सांगणाऱ्या, परवान्यात ‘एनडी’ (बदल करण्यास मनाई) ही अक्षरे असतील, तर ते साहित्य श्रेय देऊन जसेच्या तसे वाटता येते, मात्र त्याचा मराठी अनुवाद किंवा बदललेली आवृत्ती परवानगीशिवाय इतरांना देता येत नाही.