डेझर्टची रोड ट्रिप: पाणी किती, चालायचं कधी आणि गाडीत कुठला अल्बम

वाळवंटात ट्रेकला जायचं म्हटलं की सगळे पहिला प्रश्न पाण्याचा विचारतात आणि ते बरोबरच आहे, पण अकरा ते चार काय करायचं हे कोणीच विचारत नाही. कॅलिफोर्नियातल्या मोहावी डेझर्टमध्ये चालण्यासारखे तास म्हणजे सकाळचे आणि संध्याकाळचे, मधल्या वेळात उघड्यावर फिरण्यात काही मजा नाही. म्हणून ट्रिप अशी बसवायची की दोन टोकांना पायी आणि भर दुपारी गाडी, आणि एवढी लांब गाडी चालवायची तर ऐकायला काहीतरी दमदार हवं. माझं म्हणणं एवढंच की तिथे प्लेलिस्ट नेऊ नका, अख्खे अल्बम न्या, कुठल्या रस्त्याला कुठला ते आधी ठरवून.

रूट मी सांगतो तो असा: लॉस एंजेलिस (एलए), जोशुआ ट्री, ट्वेंटीनाइन पाम्स, ॲम्बॉय, केल्सो, बेकर, डेथ व्हॅली आणि येताना हायवे १९० वरून ३९५. यातले जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली हे दोन नॅशनल पार्क. चार दिवस काढा. तीन दिवसांत होतं पण मग नुसतं पळणं होतं.

सीझन ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत, फार तर एप्रिलचा पहिला आठवडा. उन्हाळ्यात डेथ व्हॅली कारच्या काचेतूनसुद्धा नको. फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ ला ५६.७ डिग्री सेल्सिअस नोंदवलंय, तोच आजही जगातला अधिकृत रेकॉर्ड आहे, आणि पार्कवालेच सांगतात की उन्हाळ्यात खालच्या भागात सकाळी दहानंतर चालू नका. उलट डिसेंबर-जानेवारीत जोशुआ ट्रीला रात्री पारा शून्याच्या खाली जातो, तेव्हा पुण्याहून आलेल्या मित्राला आधीच बजावा की डेझर्ट म्हणून नुसते टीशर्ट भरून आणू नकोस, कानटोपी आण, हसलास तरी आण.

आता पाणी. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार-चार लिटर, हा पार्कचाच किमान आकडा आहे, लांब चालणार असाल तर त्याहून जास्त, आणि शिवाय गाडीत एक-दोन गॅलन राखीव ठेवायचं ज्याला बेकरला पोचेपर्यंत हात लावायचा नाही. जोशुआ ट्री पार्कच्या आत नळ नाहीत, पाणी मिळतं ते एंट्रन्सजवळ आणि कडेच्या एक-दोन कॅम्पग्राउंडला, त्यामुळे पार्कच्या अलीकडे युक्का व्हॅली गावात शेवटची मोठी दुकानं लागतात तिथेच सगळं भरून घ्या. बाटली अर्धी झाली की वळायचं, टॉप दिसत असला तरी. आणि नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामाबरोबर मीठ जातं ते परत यायला हवं, त्यासाठी महागडी पावडर घ्यायची गरज नाही, देशातून आणलेली ओआरएसची पाकिटं, खारे शेंगदाणे, भडंग, मेथीचे ठेपले, दशम्या, एवढं पुरतं. चॉकलेट नको, वितळतं. केळी पण नको, डिकीत दुपारपर्यंत त्यांचं काय होतं ते बघवत नाही.

गाडीचं थोडक्यात. पार्कच्या आत जोशुआ ट्रीला गॅस, म्हणजे पेट्रोल, नाही. ट्वेंटीनाइन पाम्सला फुल्ल करा, बेकरला परत फुल्ल करा, डेथ व्हॅलीच्या आत मिळतो पण भाव बघून पोटात गोळा येतो. स्पेअर टायर आहे का ते निघायच्या आधी डिकी उघडून बघा, हल्ली बऱ्याच गाड्यांत नुसता हवा भरायचा किट असतो. भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर न्यायची परवानगी बहुतेक वेळा नसते, करारात वाचा. फोनला रेंज जवळपास नाहीच, मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा पण त्याच्यावर आंधळा भरवसा नको, डेथ व्हॅलीत मॅप खुशाल एखादा जुना खाणीचा रस्ता दाखवतो आणि लोक जातात. कागदी नकाशा व्हिजिटर सेंटरला मिळतो. रस्ते पुरात वाहून जातात (हो, वाळवंटात पूर), ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसानंतर अख्खं डेथ व्हॅली दोनेक महिने बंद होतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री दोन्ही पार्कच्या आणि मोहावी प्रिझर्व्हच्या साइटवर कुठले रस्ते चालू आहेत ते बघाच, विशेषतः केल्सोवरून बेकरला जाणारा केलबेकर रोड. घरी कोणालातरी रूट आणि परतायची वेळ लिहून द्या.

रेंज नाही म्हणजे स्ट्रीमिंग नाही, हे लोकांना पार्कात शिरल्यावर कळतं. अल्बम डाउनलोड करा आणि मग घरीच फोन एअरप्लेन मोडवर टाकून खरंच वाजतायत का ते तपासा, कारण ॲपमध्ये हिरवा बाण दिसतो आणि तरी अर्धी गाणी उतरलेली नसतात. दोघांच्याही फोनवर ठेवा. केबल घ्या, ब्लूटूथ भाड्याच्या गाडीत रुसतं.

आणि मित्राबरोबर नियम आधी ठरवा, हे मी मनापासून सांगतोय. जो चालवतो तो अल्बम निवडतो. शेजारचा स्किप करणार नाही, आवाज कमी करायला सांगू शकतो पण 'हे काय लावलंय' म्हणू शकत नाही. प्रत्येकाला अख्ख्या ट्रिपमध्ये एकच व्हेटो. आणि अल्बम संपला की लगेच दुसरा नाही, दहा-पंधरा मिनिटं गप्प जायचं किंवा गप्पा मारायच्या. कॉलेजपासूनचा मित्र असला तरी चार दिवस एका गाडीत म्हणजे भांडण पक्कं असतं, ते गाण्यावरून तरी नको.

आता रस्त्याप्रमाणे सांगतो.

एलए ते जोशुआ ट्री, फ्रीवे १० आणि मग ६२, ट्रॅफिक नसेल तर अडीच तास. इथे क्वीन्स ऑफ द स्टोन एज या रॉक बँडचा 'साँग्ज फॉर द डेफ', २००२ चा. कारण तो अल्बमच या रस्त्याचा आहे, एलएहून जोशुआ ट्रीकडे गाडी चाललीये आणि रेडिओची स्टेशनं बदलतायत अशी त्याची रचना, मधेमधे खोटे आरजे बडबडतात. ड्रम्सवर डेव्ह ग्रोल. एक सावधगिरी, पहिलं गाणं सुरुवातीला बारीक ऐकू येतं म्हणून आवाज वाढवायचा मोह होतो, तो वाढवू नका, थोड्या वेळाने स्पीकर फुटल्यासारखं येतं अंगावर. एलएचा ट्रॅफिक संपल्यावर लावा, पाम स्प्रिंग्जच्या अलीकडे पवनचक्क्या लागतात तिथे ऐन भरात आला पाहिजे.

पार्कात वीकेंडला वेस्ट एंट्रन्सला रांग लागते, आठच्या आत पोचा. म्हणजे एलएहून पहाटे पाचला निघायचं, नाहीतर आदल्या रात्री युक्का व्हॅलीत मुक्काम. पहिली सकाळ रायन माउंटन, जाऊन येऊन तीन मैल पण चढ हजार फुटांचा आहे आणि सावली औषधालाही नाही, वरून दोन्ही बाजूचं पठार दिसतं. ज्याला दम लागतो त्याने हिडन व्हॅलीची मैलभराची चक्कर मारावी, खडकांच्या मधोमध आहे, सोपी आहे. रायन माउंटनहून खाली आलात की जवळच कॅप रॉक आहे. ग्रॅम पार्सन्स हा कंट्री-रॉकवाला १९ सप्टेंबर १९७३ ला जोशुआ ट्री इनच्या आठ नंबर खोलीत गेला, वय सव्वीस, आणि मग त्याच्या मॅनेजर दोस्ताने दिलेला शब्द पाळायचा म्हणून विमानतळावरून शवपेटीच पळवली आणि इथे कॅप रॉकला आणून पेटवली. पुरतं जळलं नाही, पकडले गेले, दंड झाला. मैत्रीतला शब्द असाही पाळतात लोक. त्याचा 'ग्रीव्हस एंजल' त्याच्या जाण्यानंतर १९७४ च्या जानेवारीत आला, तो पार्कातल्या पार्कात फिरताना हळू आवाजात लावा, एमिलू हॅरिस बरोबर गाते, ते दोन आवाज एकत्र ऐकायलाच हा अल्बम.

संध्याकाळी चोया कॅक्टस गार्डन. मागून ऊन आलं की काटे चमकतात, फोटो काढा पण हात लावू नका, चोयाचा गोळा नुसता घासला तरी चिकटतो आणि हाताने काढायला गेलात तर हाताला चिकटतो. खिशात जाड दातांचा कंगवा ठेवा, तो काट्यांच्या खाली घालून गोळा झटकन उडवायचा. चिमटा उरलेल्या काट्यांसाठी.

ट्रेलवर हेडफोन घालू नका. रॅटलस्नेक शेपूट वाजवून सांगतो, ते ऐकू आलं पाहिजे. आणि ब्लूटूथ स्पीकर पाठीवर लटकवून डोंगर चढणाऱ्या मंडळींबद्दल मी काही बोलत नाही, सिंहगडावर पण बघितलीयेत आणि इथे पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्टीनाइन पाम्स ओॲसिस करा, तीन मैल, दरीत अचानक ताडासारखी झाडं आणि ओल. दहा-साडेदहाला गाडीत. ट्वेंटीनाइन पाम्स ते ॲम्बॉय पन्नासेक मैल, तासाभराचा रस्ता, आणि इथे कायसचा 'वेलकम टू स्काय व्हॅली', १९९४. ही पाम डेझर्टची पोरं, यांच्या काळात तिथले बँड जनरेटर घेऊन वाळवंटात जायचे आणि तिथेच वाजवायचे, क्लब नव्हतेच गावात. सीडीवर गाणी एकेक वेगळी न ठेवता तीन लांब भागांत जोडली होती, म्हणजे स्किप करणाऱ्याची पंचाईत, आणि आतल्या कागदावर सूचना होती की लक्ष विचलित न करता ऐका. बावन्न मिनिटं, रस्त्याच्या बरोबर मापाचा. घाट चढून उतरलात की खाली ब्रिस्टल ड्राय लेकचा पांढरा पट्टा दिसतो, तिथले मिठाचे चर रस्त्यालगतच आहेत. ॲम्बॉयला रूट ६६ वरच्या रॉइज मोटेल-कॅफेचं प्रसिद्ध बोर्ड, फोटो, थंड काहीतरी, पाच मिनिटं. जवळ ॲम्बॉय क्रेटर आहे पण काळा लाव्हा भर दुपारी तव्यासारखा तापतो, हिवाळा नसेल तर सोडून द्या.

पुढे केलबेकर रोडने केल्सो ड्यून्स, पोचायला तीन-साडेतीन वाजवा. चढ साधारण साडेसहाशे फुटांचा पण वाळूत एक पाऊल पुढे अर्धं मागे, चांगला दोन-तीन तासांचा कार्यक्रम आहे. हे ड्यून्स गातात, वाळू कोरडी असली आणि उतारावरून घसरली की जमिनीतून घुमल्यासारखा खर्ज येतो. वर बसून दोघांनी एकदम खाली घसरायचं, पार्श्वभागावर, लाज सोडून. ओली वाळू असेल तर काही होत नाही. हेडलॅम्प बरोबर ठेवा, उतरताना अंधार होतो.

इथे सूर्यास्ताला मी उस्ताद अमीर खाँसाहेबांची ती एलपी सुचवतो, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा सूर्य बुडतानाचा, षड्ज लवकर हातीच लागू न देणारा, दरबारी मध्यरात्रीचा. तर गाडीत परत आल्यावर काचा खाली करून मारवा, आणि दरबारी बेकरच्या मोटेलच्या खोलीत झोपताना. ज्या मित्राने अख्खा दिवस रॉक ऐकवलं त्याने इथे व्हेटो वापरला तर मैत्रीचा फेरविचार करा.

बेकरला १३४ फूट उंच थर्मामीटर आहे, १३४ फॅरनहाइट या रेकॉर्डसाठीच बांधलेला. तिथून सकाळी लवकर १२७ ने शोशोनवरून फर्नेस क्रीक, सव्वाशे मैलांच्या आत. या रस्त्यावर काही नाही, म्हणजे खरंच काही नाही, आणि इथे 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि आपले विश्वमोहन भट्ट, १९९२ मध्ये सँटा बार्बराच्या एका चॅपलमध्ये बसून वाजवलेला, भेट झाल्यावर तासाभरातच रेकॉर्डिंग सुरू, तालीम वगैरे नाही, आणि १९९४ ला ग्रॅमी. चाळीस मिनिटांचा आहे, दोनदा ऐका. याच्या पाठोपाठ टिनारिवेनचा 'एमार', २०१४ चा. सहारातले तुआरेग लोक, मालीतल्या गडबडीमुळे घरी रेकॉर्ड करणं अवघड झालं तर जोशुआ ट्रीला येऊन रेकॉर्ड केलं त्यांनी, त्यामुळे सहारा आणि मोहावी एकाच अल्बममध्ये मिळतात.

डेथ व्हॅलीत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेस्किट फ्लॅटचे ड्यून्स, चौथ्या दिवशी झब्रिस्की पॉइंटला सूर्योदय आणि लगेच गोल्डन कॅनियन, ऊन वर यायच्या आत बाहेर. बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, वरच्या कड्यावर सी लेव्हलची पाटी लावलीये ती शोधायला मान मोडते. मिठावर दूरपर्यंत चालत जा, पार्किंगपाशी फोटो काढून परत फिरू नका, गर्दी सगळी पहिल्या अर्ध्या मैलातच असते. दुपारी आर्टिस्ट्स ड्राइव्ह, नऊ मैल वन-वे, रंगीत डोंगर, आणि इथे 'गारवा' लावायचा. मिलिंद इंगळे, सौमित्र, पाऊस, चिखल, सगळं, जिथे वर्षाला जेमतेम पाच सेंटिमीटर पडतो तिथे. हा आमचा पाचकळपणा आहे पण बाहेर उन्हात सगळं भाजत असताना तो अल्बम जसा ऐकू येतो तसा दादरला कधी येत नाही.

रात्री कॅम्पवर गाणी बंद. रात्री दहानंतर क्वाएट आवर्स असतात, आणि तसंही दोन्ही पार्क डार्क स्काय आहेत, म्हणजे दिव्यांचा उजेड नसलेलं काळंभोर आकाश, अमावास्येच्या आसपास ट्रिप बसवलीत तर आकाशगंगेखाली कोणाला काही लावायचं सुचतच नाही.

परतताना १९० ने पॅनामिंटचे डोंगर ओलांडून ३९५ वरच्या ओलांचा गावाला जा. इथेच यूटूचा 'द जोशुआ ट्री', १९८७, आधी मुद्दाम ठेवलेला नाही. सगळे तो पार्कात शिरताना लावतात, पण अल्बमवरचं ते झाड त्या पार्कात नव्हतंच, या १९० जवळ, डार्विन गावाच्या बाजूला होतं, आणि पुढच्या कव्हरचा फोटो झब्रिस्की पॉइंटचा, जिथून तुम्ही सकाळीच आलात. झाड २००० च्या सुमारास पडलं. पन्नास मिनिटांचा अल्बम, पॅनामिंटचा चढ संपून वर आलात की लावा, ओलांचाला संपतो. पुढे ३९५ वर डोळे मिटायला लागले तर कुठल्याही अल्बमने जाग राहत नाही, चालक बदला, मोहावी गावात कॉफी घ्या आणि तिथून पुढे एलएचा ट्रॅफिक चालू, त्याला रेडिओ चालेल.