मैत्रिणींच्या खिशातलं अंतर पटकथेत कसं आणायचं

पटकथेच्या कार्यशाळेत मी एक प्रसंग हमखास लिहून घेते. चार जुन्या मैत्रिणी हॉटेलात जेवल्या आहेत आणि बिल आलंय. तिघी सुखवस्तू, चौथीची ओढाताण. बहुतेक जण चौथीचा चेहरा पाडतात, एकीला तोऱ्यात बोलायला लावतात आणि मोकळे होतात. असा प्रसंग पानभरात विझतो. ज्यांचा एकमेकींवर जीव आहे त्यांच्यात पैसा असा उघडपणे बोलत नाही. जीव आहे म्हणूनच तो लपवावा लागतो, आणि ती लपवाछपवी आपल्याला लिहायची असते.

यासाठी मी निकोल होलोफसेनरचा 2006 सालचा ‘फ्रेंड्स विथ मनी’ पाहायला सांगते. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही तिचंच, लांबी दीड तासाहून थोडी कमी, आणि सगळं घडतं लॉस एंजेलिसमध्ये. पहिल्यांदा गोष्टीसाठी बघा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि एवढंच टिपत जा की कोण कुणाला सल्ला देतंय.

लिहायला बसल्यावर आधी पैशाचा उगम ठरवा. किती आहे यापेक्षा कुठून येतो हे महत्त्वाचं. या चित्रपटात फ्रॅनीकडे (जोन क्युसॅक) घरचा, वारशाचा पैसा आहे. जेन (फ्रान्सिस मॅकडोर्मंड) महागड्या कपड्यांची डिझायनर आहे. क्रिस्टीन (कॅथरीन कीनर) नवऱ्याबरोबर पटकथा लिहिते. ऑलिव्हिया (जेनिफर ॲनिस्टन) शिक्षिकेची नोकरी सोडून लोकांच्या घरी साफसफाई करते. तिघी ‘श्रीमंत’ असल्या तरी एकसारख्या नाहीत. वारशाच्या पैशाला घाई नसते. कमावलेल्या पैशाला काम लागतं, डेडलाइन लागते, आणि नवरा-बायको मिळून कमावत असतील तर भांडणाची झळ थेट मिळकतीला लागते. प्रत्येक पात्रापुढे लिहून ठेवा: पैसा कुठून येतो, कधीपासून येतो, आणि उद्या थांबला तर घरात पहिल्यांदा काय बदलेल.

आता ऑलिव्हियाकडे नीट बघा. ती गरिबीतून आलेली नाही. ती शिकलेली आहे, या बायकांच्याच भाषेत बोलते, त्यांच्याच टेबलाशी बसते. म्हणून तिची परिस्थिती मैत्रिणींना परिस्थिती वाटतच नाही, स्वभाव वाटते. हिनं मनावर घेतलं तर काय अवघड आहे, असा सूर त्यांच्या काळजीत मिसळलेला असतो. माझ्या मते अशा कथेचा गाभा इथे आहे. पैसा आला की मैत्रिणीच्या आयुष्यावर मत देण्याचा हक्क आपोआप येतो. तो हक्क कुणी मागून घेत नाही आणि कुणी दिलेलाही नसतो. ऑलिव्हियाच्या नोकरीबद्दल, पुरुषांबद्दल, पुढच्या बेतांबद्दल बाकीच्या मोकळेपणानं बोलतात. फ्रॅनीच्या खर्चाचा हिशेब ऑलिव्हिया कधी मागू शकेल का? तुमच्या पटकथेत सल्ल्यांचे बाण मोजा. ते एकाच दिशेनं जात असतील तर अंतर दिसू लागलंय, मग ‘पैसे’ हा शब्द आला नाही तरी चालेल.

सगळ्यात जास्त वेळ उसने पैसे मागण्याच्या प्रसंगाला द्या. ऑलिव्हियाला फिटनेस ट्रेनरचं शिक्षण घ्यायचं आहे, त्यासाठी ती फ्रॅनीकडे पैसे मागते. फ्रॅनीसाठी रक्कम किरकोळ आहे, तरी ती देत नाही. तिला तो बेत शहाणपणाचा वाटत नाही. हीच फ्रॅनी मुलांच्या शाळेला मोठी देणगी देते. संस्थेला देताना मन का धजतं आणि मैत्रिणीला देताना का कचरतं, हे आपल्या पात्राच्या बाजूनं खरोखर शोधा. तिला कंजूष ठरवून सुटका करून घेऊ नका. संस्थेला दिलेला पैसा नातं बदलत नाही. मैत्रिणीला दिला की पुढचं प्रत्येक जेवण, प्रत्येक नवा कपडा दोघींच्याही नजरेत येतो. एकीला मिंधेपण येतं आणि दुसरीला नकळत पहारा करावा लागतो. फ्रॅनीच्या नकारात ही भीती आहे असं मी मानते, आणि म्हणून मला तिचा राग येत नाही. मागणारीला मात्र रकमेबरोबर आपल्या आयुष्याचा खुलासाही द्यावा लागतो, ते फार दुखतं. प्रसंग दोनदा लिहा, एकदा मागणारीच्या बाजूनं आणि एकदा देणारीच्या. दोन्हीकडचं जे खरं वाटेल तेवढं तिसऱ्या खर्ड्यात घ्या. विषय काढण्यापूर्वीची आडवळणं कापू नका, प्रसंगाचा जीव तिथे असतो.

गरजू पात्राला नुसत्या गरजा देऊ नका. ऑलिव्हिया दुकानांच्या काउंटरवर जाऊन महागड्या क्रीमची फुकट सँपल गोळा करते. एवढ्याशा गोष्टीतून तिची हौस, तिची लाज आणि तिची जिद्द एकदम कळते. भाडं थकल्याचे दहा संवाद लिहूनही हे साधणार नाही.

सुखवस्तू पात्रांची दुःखं खोटी ठरवायचा मोह होईल, तो टाळा. जेन केस धुणं सोडून देते आणि दुकानात रांग मोडणाऱ्यांवर भडकते. क्रिस्टीनच्या घरावर मजला चढतोय, शेजाऱ्यांना दिसणारं दृश्य झाकलं जातंय, आणि खाली संसार उसवतोय. पैशानं यांतलं काही सुटत नाही, पण दुःख करायला सवड मिळते. तेवढं दाखवलं तरी पुरे.

विनोद रकमांच्या उलट्या वजनातून काढा. मोठा आकडा सहज निघून जातो आणि लहान आकड्यावर घासाघीस होते. ऑलिव्हियाबरोबर फिरणारा माइक तिच्या साफसफाईच्या कमाईतही वाटा मागतो, तिथे हसू येतं आणि लगेच अडकतं. मार्टी हा गबाळा गिऱ्हाईक तिच्याशी दरावरून घासाघीस करतो आणि पुढे तोच पैसेवाला निघतो. ही कलाटणी मला अर्धीच पटते. घासाघीस करणारा श्रीमंत असणं अगदी खरं आहे, पण ऑलिव्हियाचा प्रश्न तिच्या हातातून निसटून दुसऱ्याच्या खात्यावर जातो. तुमच्या पटकथेत अनपेक्षित धनलाभ आलाच तर त्यानंतर आणखी एक प्रसंग लिहा, ज्यात ती जुन्या मैत्रिणींसोबत पुन्हा बसते आणि सल्ल्यांची दिशा बदलली की नाही ते कळतं.

जेवण संपल्यावर गाडीतलं बोलणं विसरू नका. या चित्रपटात जोडपी घरी परतताना दुसऱ्यांबद्दल बोलतात, आणि टेबलावर जे झाकलं होतं ते तिथे निघतं. पण नवरा-बायकोही एकमेकांपुढे पूर्ण उघडे नसतात, म्हणून गाडीतही थोडं राखून बोलू द्या.

शेवटी बिलाच्या प्रसंगाकडे या. आता चौघींचे पैसे कुठून येतात, कुणाचं काय देणं आहे, कोण कुणाला सल्ला देतं, हे सगळं वहीत आहे. संवाद न लिहिता फक्त हालचाली लिहा: बिल कुणासमोर ठेवलं जातं, कोण पर्समध्ये हात घालून थांबतं, कोण त्याच वेळी बाथरूमला जातं, कोण आकडा न बघता कार्ड ठेवतं. मग मोजून चार वाक्यं बोलायला द्या, त्यातलं एकही पैशाबद्दल नको.