नेल्सनच्या गोदीत मुक्काम करायचा असेल तर

वेस्ट इंडीजमधलं अँटिग्वा बेट म्हटलं की आपल्याला आधी विव्ह रिचर्ड्स आठवतो, मग जबड्याला पट्टी बांधून लाराला पायचीत करणारा कुंबळे. 2002 ची ती कसोटी सेंट जॉन्सला झाली. तिथून बेट ओलांडून दक्षिण किनाऱ्यावर गेलं की इंग्लिश हार्बर लागतं. ब्रिटिश आरमाराची अठराव्या शतकातली गोदी, म्हणजे नेल्सन्स डॉकयार्ड, तिथे अजून उभी आहे आणि तिच्या गोदामांची हॉटेलं झाली आहेत. माझी नोकरीची सगळी वर्षं जहाजदुरुस्तीत गेली, त्यामुळे समुद्र दिसणारं चकचकीत रिसॉर्ट सोडून मी बायकोला या डांबराच्या कोठारात घेऊन गेलो. तिने आधी कपाळाला आठ्या घातल्या. पुढे मुक्काम वाढवायचा हट्ट तिचाच होता.

सगळ्यात आधी वेळेचं गणित समजून घ्या. गोदी हे तिकीट काढून बघायचं ठिकाण आहे. सेंट जॉन्सच्या बंदरात मोठी क्रूझ लागली की सकाळी दहाच्या सुमाराला गाड्या भरभरून माणसं येतात आणि दुपार कलली की निघून जातात. आत राहणाऱ्याला मिळते ती पहाट आणि संध्याकाळ, आणि जास्तीचे पैसे आपण देतो ते त्याचेच. म्हणून फिरणं सकाळी नाश्त्याच्या आधी उरका, दुपारी गर्दी वाढली की पोहायला पिजन पॉइंटला जा किंवा सरळ ताणून द्या. दुपारी पोचून दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं असेल तर इथे राहण्यात अर्थ नाही. निदान दोन रात्री हव्यात.

हॉटेल निवडताना इमारतीचा मूळ उपयोग काय होता ते बघा. ॲडमिरल्स इन 1788 ची, विटांची. खाली डांबर, शिसं असला माल असायचा आणि वर इंजिनिअरांची कचेरी. आता खाली जेवणखाण चालतं, म्हणून खोली वरच्या मजल्यावर आणि पाण्याच्या बाजूची मागा. थोडा आवाज वर येईलच, लवकर झोपणाऱ्यांनी तसं आधी कळवावं. खोल्या मोजक्याच आहेत. कॉपर अँड लंबर स्टोअर वर्षभराने पुरी झाली. मधोमध चौक, कमानी, सगळी मांडणी आतल्या बाजूला वळलेली. शिडाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारायचे, कारण उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा वर्षा-दोन वर्षांत तळाची चाळण करतो. तो पत्रा आणि लाकूड इथे ठेवायचे. तिसरा पर्याय पाण्यापलीकडचा, बारूदखान्याजवळच्या खोल्यांचा. बारूद पलीकडे का? डांबर, टर्पेंटाइन आणि लाकूड अलीकडे होतं म्हणून. तिकडे पोहायचा तलाव आहे, शांतताही जास्त, पण दर वेळी हॉटेलच्या छोट्या होडीने ये-जा करावी लागते. गुडघे कुरकुरत असतील तर खोली पक्की करायच्या आधी जिने किती, होडीत चढायला पायरी आहे का, हे लेखी विचारून घ्या. अडीचशे वर्षांच्या भिंतीत लिफ्ट शोधू नका.

भिंती जाड असल्यामुळे खोली गार राहते, पण वायफाय दुबळं होतं. एरवी कुठेही मी खिडकी नसलेल्या बाजूची खोली घेत नाही, इथे तर नाहीच नाही. संध्याकाळी डासांचं मलम लागतंच. बेटावर काही ठिकाणी 110 व्होल्ट तर काही ठिकाणी 220, तेव्हा चार्जर दोन्हींवर चालतो ना ते बघा आणि प्लगचा अडॅप्टर जवळ ठेवा. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. या देशात लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे. नातवाची ती आवडती हाफपँट घरीच राहू द्या.

आता सकाळच्या फेरीबद्दल, कारण खरी मजा तिथे आहे. ॲडमिरल्स इनच्या बागेला लागून दगडी खांबांची रांग दिसते, वर छप्पर काही नाही. माणसं पुढ्यात उभं राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही खांबांच्या मधल्या पाण्याकडे बघा. वरच्या मजल्यावर शिडं शिवायची जागा होती, खाली पाण्याची वाट. होडी सरळ इमारतीच्या पोटात घ्यायची आणि शिडं वर ओढून घ्यायची, ओलं जड कापड खांद्यावरून वाहायला नको. खांब इतके जाड का ते मग आपोआप समजतं.

तिथून धक्क्यावर या. उभे मोठे रहाट दिसतील, तेच कॅप्स्टन. मुंबईत ओहोटीला पाणी उतरलं की होडी चिखलात बसते आणि तळ कामाला मोकळा होतो. इथे भरती-ओहोटीत जेमतेम फूटभर फरक, मग तळ दिसणार कसा? त्यासाठी तोफा, सामान, तळातलं वजन उतरवून जहाज हलकं करायचं, डोलकाठीला दोर बांधायचे आणि माणसांनी दांडे लावून रहाट फिरवत ते एका कुशीवर पाडायचं. एक बाजू खरवडून, भेगा बुजवून झाली की दुसरी कुशी. मी आयुष्यभर क्रेन आणि सुकी गोदी वापरून हेच काम केलं, तरी त्या रहाटाच्या खाचेत हात घातल्यावर पोटात गोळा आला. दोर तुटला तर काय, हा एकच विचार.

रहाट फिरवणारे, दगड वाहणारे, सुतार, लोहार यांतले कितीतरी जण आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. पुढे ब्रिटिश आरमाराचा नामांकित सेनानी झालेला नेल्सन इथे 1784 ते 1787 होता, बोरिअस जहाजाचा तरुण कप्तान म्हणून. अमेरिकी जहाजांशी व्यापार करायचा नाही हा कायदा त्याने कडकपणे राबवला, त्यामुळे इथल्या मळेवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना तो डोळ्यांसमोर नकोसा झाला. आज सगळ्या गोदीला त्याचंच नाव. आरमार 1889 मध्ये निघून गेलं, पडझड झाली, 1951 पासून डागडुजी सुरू झाली आणि 1961 मध्ये गोदी पुन्हा खुली झाली. 2016 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून तिची नोंद केली. गोदीचं संग्रहालय अधिकाऱ्यांच्या 1855 मधल्या घरात आहे. तिथे घाईने जाऊन येऊ नका, आणि गाइड घेतलात तर नेल्सनऐवजी कारागिरांबद्दल विचारा, माणूस खुलतो.

रविवार मुक्कामात येईल असं बघा. शर्ली हाइट्सच्या टेकडीवर संध्याकाळी स्टील बँड, म्हणजे लोखंडी पिंपांच्या वाद्यांचा ताफा, असतो आणि तिथून अख्खी गोदी नकाशासारखी खाली दिसते. गर्दी भरपूर असते. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, नाहीतर लोकांच्या पाठी बघायला मिळतील. गर्दी नको असेल तर कुठल्याही दिवशी सकाळी बर्कली किल्ल्याच्या पायवाटेने बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन या. चालणं थोडंच आहे, पण पाणी आणि टोपी हवी.

खाण्याची काळजी नको. शाकाहारी असाल तर चणे-बटाटे भरून गुंडाळलेली रोटी विचारा, त्रिनिदादकडून आलेली आपलीच लेक. डुकाना मिळाली तर सोडू नका. किसलेलं रताळं, नारळ, साखर आणि मसाला केळीच्या पानात गुंडाळून उकडतात. गोदीतल्या हॉटेलांत जेवण महाग, फाटकाबाहेर स्वस्त, हा जगाचा नियम इथेही आहे.

कधी जावं? डिसेंबर ते एप्रिल हवा उत्तम, पण एप्रिलमध्ये शिडांच्या बोटींच्या शर्यती असतात, तेव्हा खोल्या फार आधी जातात. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. त्या दिवसांत जायचं तर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा.

विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला, टॅक्सीने पाऊण तास धरून चाला. सेंट जॉन्सहून 17 नंबरची बस स्वस्तात येते, पण रविवारी तिच्या भरवशावर राहू नका. चलन ईस्ट कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकी डॉलरला 2.70 असा दर बांधलेला. अमेरिकी डॉलर सर्रास चालतात, आणि घोटाळा होतो तो त्यातच. टॅक्सीत बसायच्या आधी सांगितलेला आकडा कुठल्या डॉलरचा ते स्पष्ट विचारा आणि मगच सामान डिकीत ठेवू द्या.