नेट गेलं? रिसेटच्या भोकात टाचणी घालण्याआधी

नेट गेलं की पुष्कळ घरांत पहिला हात जातो तो राऊटरच्या मागच्या बारीक भोकाकडे. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबली की राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो आणि मुख्य म्हणजे केबलवाल्याने आत भरून ठेवलेला लॉगिन आयडी पुसला जातो. मग गच्चीवरची तुटलेली वायर तासाभरात जोडली गेली तरी तुमच्या घरात नेट येत नाही, माणसालाच घरी बोलवावं लागतं. म्हणून ते भोक सगळ्यात शेवटी, आणि तेही आयडी-पासवर्ड कागदावर लिहून हाताशी असेल तरच. बंद करून चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं.

काम खरं तर एकच असतं: लाइन कुठवर जिवंत आहे ते शोधणं. फोन, वायफाय, राऊटर, फायबरचा डबा, इमारतीची डक्ट (वायरी वरखाली नेणारी पोकळी), रस्ता आणि त्यापलीकडे कंपनी, अशी ही साखळी आहे. कडी सापडल्याशिवाय काही उपटू नका, काही बदलू नका.

पहिली दोन मिनिटं

फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करा. वायफाय मेलं की फोन गुपचूप मोबाइल नेटवर्कवर जातो आणि ‘चालू आहे की’ असं वाटत राहतं. मग घरातलं दुसरं यंत्र बघा, टीव्ही किंवा लॅपटॉप. एकाच फोनवर नेट नसेल तर राऊटरला हात लावू नका, दोष त्या फोनमध्ये आहे. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा) या सेटिंगात जाहिराती अडवणारा एखादा पत्ता भरून ठेवला असेल आणि ती सेवा बंद पडली, तर वायफाय जोडलेलं असूनही ‘इंटरनेट नाही’ असं दिसतं. ते सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलं की काम होतं. फोनची तारीख चुकली असेल तरीही बऱ्याच साइट उघडत नाहीत.

नंतर शेजारी विचारा, पण त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याला. फायबरची एक तार स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. त्यामुळे दोन-तीन घरांत एकाच वेळी नेट गेलं असेल तर दोष तुमच्या भिंतीबाहेर आहे. तक्रार नोंदवा आणि स्वतःची वायर शाबूत राहू द्या.

प्लॅन संपलाय का, हेही आत्ताच मोबाइल डेटा परत लावून कंपनीच्या ॲपवर बघून घ्या. पूर्वी प्लॅन संपला की ‘रिन्यू करा’ असं पान आपोआप समोर यायचं. आता जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, असल्याने ते पान पुष्कळदा येतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं.

दिवे काय सांगतात

डब्यावर एकही दिवा नसेल तर प्लग, बोर्ड आणि ॲडॅप्टर तपासा. मुंबईच्या घरांत हा डबा बहुधा टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डवर असतो आणि तो बोर्डच सैल झालेला असतो. ॲडॅप्टर बदलताना मात्र जपा. सेट-टॉप बॉक्सची पिन राऊटरमध्ये अगदी नीट बसते, म्हणून तो लावला जातो. दोन्हींच्या लेबलवरचे आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत तोच हवा (बहुतेक डब्यांना १२, काहींना ९ किंवा ५), अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, आणि पिनच्या आत अधिक की उणे हे दाखवणारं चित्रही जुळायला हवं. ५ व्होल्टच्या राऊटरला १२ व्होल्ट लावले तर तो बहुतेक वेळा कायमचा जातो.

ॲडॅप्टर पूर्ण मरण्याआधी आजारी पडतो, आणि हा दोष ओळखायला सगळ्यात कठीण. दिवे लागतात, सकाळी नेट चालतं, रात्री सगळे व्हिडिओ बघायला लागले की राऊटर आपोआप बंद-चालू होतो. आतले कपॅसिटर थकलेले असतात. मीटर लावला तर नुसता ॲडॅप्टर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, पण राऊटरचा भार आला की व्होल्टेज कोसळतं. त्यामुळे मीटरवर विसंबू नका. त्याच आकड्यांचा दुसरा ॲडॅप्टर एक संध्याकाळ लावून बघा.

आता फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, ज्याला बहुतेक जण मोडेम म्हणतात. त्याच्यावर दोन दिवे महत्त्वाचे: पॉन (कंपनीच्या यंत्राशी जोड) आणि एलओएस (प्रकाश हरवल्याचा इशारा). पॉन स्थिर हिरवा आणि एलओएस विझलेला असेल तर तुमच्यापर्यंतची फायबर बरी आहे. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही. अशा वेळी पंचवीसदा बंद-चालू केलं तरी काही होणार नाही. एलओएस विझलेला पण पॉन लुकलुकतच राहिला, तर प्रकाश येतोय, पण तो अशक्त आहे किंवा पलीकडचं यंत्र तुमच्या डब्याला ओळखत नाही. हे दोन वेगळे दोष आहेत. तक्रार करताना ‘लाल दिवा आहे’ एवढंच न सांगता कोणता दिवा, स्थिर की लुकलुकता, हे सांगा. लाइनमन कोणतं सामान घेऊन निघेल ते त्यावर ठरतं.

लाल एलओएस: घरातल्या घरात काय तपासायचं

फायबर म्हणजे केसाएवढी काच. तांब्याची वायर मुरगळली तरी चालते, काचेला ते सोसत नाही. वळण साधारण ३ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट झालं की प्रकाश बाहेर गळायला लागतो. डब्यापासून निघून वायर घराबाहेर जाईपर्यंत तिच्यावरून हळूच बोट फिरवत जा. ती कुठे दबते, तर सरकत्या खिडकीच्या चॅनेलमध्ये, मागे ढकललेल्या सोफ्याच्या पायाखाली, कपाटाच्या दारात. कधी खिळ्याची क्लिप जास्त ठोकलेली असते, कधी उंदराने कुरतडलेली असते. दबलेली जागा मोकळी केली आणि एक-दोन मिनिटांत एलओएस विझला, तर तोच दोष होता.

डब्याच्या खाली किंवा मागे फायबरचा कनेक्टर असतो, बहुधा हिरवा. डबा बंद करून तो सरळ ओढून काढा आणि ‘टक’ असा आवाज येईपर्यंत परत बसवा. त्याचं टोक बोटाने पुसू नका, तोंडाने फुंकू नका. धुळीचा एक कण आणि बोटाचा तेलकट डाग तेवढ्यानेही प्रकाश अडतो. हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकांत बसतात, पण हिरव्याचं टोक तिरपं घासलेलं असतं आणि निळ्याचं सरळ, त्यामुळे जोड धरत नाही. आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

नेट येतं-जातं असं होत असेल तर एक आकडा फार उपयोगी आहे. डब्याला जोडलेल्या लॅपटॉपवर किंवा फोनवर १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता आणि पासवर्ड बहुधा डब्याच्या तळाशी चिकटवलेले असतात) आणि आतल्या पानांत ‘आरएक्स पॉवर’ शोधा, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद; ती डीबीएममध्ये मोजतात. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर तब्येत बरी. उणे २७ ही घरगुती फायबरच्या डब्यांची नेहमीची शेवटची हद्द. त्याखाली गेलं की नेट तुटणारच. ३ डीबी घट म्हणजे प्रकाश निम्मा. चांगल्या दिवशी हा आकडा लिहून ठेवा. एरवी उणे २१ असलेला आकडा पावसाच्या दिवशी उणे २६ झाला, तर बाहेर कुठल्या तरी जोडाच्या डब्यात पाणी शिरतंय. ही दोन आकड्यांची चिठ्ठी लाइनमनला दाखवली की त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

बाहेरची कारणं मुंबईत ठरलेली आहेत. पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या छाटतात तेव्हा फांदीबरोबर वायर खाली येते. रस्ता खोदला जातो. इमारतीला रंग काढायला परांची बांधतात आणि डक्टबाहेरच्या वायरी मागेपुढे ओढल्या जातात. लालबाग-परळ भागात उंच मूर्तींच्या आगमनाच्या वेळी रस्त्यावर आडव्या लोंबणाऱ्या वायरी बांबूने उचलाव्या लागतात. तुमच्या इमारतीत परांची लागणार असेल तर कंपनीला आधी कळवून वायर बाजूला बांधून घ्या. तुटल्यावर चार दिवस लागतात, आधी अर्धा तास पुरतो.

गच्चीवरून लॅन वायर आली असेल तर

अजून पुष्कळ इमारतींत आणि चाळींत फायबर गच्चीपर्यंत किंवा मीटर रूमपर्यंतच येते. तिथे स्विच, म्हणजे एक लाइन अनेक घरांत वाटणारा डबा, असतो आणि पुढे साधी लॅन वायर घरात उतरते. इथे एलओएस दिवा नसतो, राऊटरवरचा ‘वॅन’ दिवा बघायचा. तो विझलेला असेल तर वायर, तिचा कनेक्टर किंवा वरचा स्विच मेलाय. कनेक्टरची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असेल तर तो पंख्याच्या वाऱ्यानेही सैल होतो. नवा कनेक्टर लावणं हे पाच मिनिटांचं काम.

त्या स्विचला वीज इमारतीची लागते. तुमच्या घरात राऊटरला मिनी यूपीएस असला तरी वीज गेल्यावर वरचा स्विच बंद पडत असेल तर उपयोग शून्य. यूपीएस विकत घेण्याआधी केबलवाल्याला विचारा की वर बॅटरी आहे का. आणि वीज आल्यावरही नेट आलं नाही तर मीटर रूममधला स्विचचा प्लग कोणी काढलाय का, हे वॉचमनला आधी बघायला सांगा.

नेट चालू, पण १०० एमबीपीएसच्या पुढे काही केल्या जात नाही, असं असेल तर वायरच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असतील. १०० पर्यंत चार पुरतात, त्यापुढे आठही लागतात. वीज कडाडल्यावर वॅन दिवा गेला असेल तर वायर थेट लॅपटॉपला लावून बघा. लॅपटॉपवर दिवा लागला तर राऊटरचा वॅन पोर्ट जळालाय.

दिवे सगळे हिरवे, तरी नेट नाही

आधी क्रमाने बंद-चालू करा. राऊटर आणि मोडेम दोन्ही बंद, पूर्ण दहा मिनिटं. पलीकडच्या सर्व्हरला तुमचं जुनं लॉगिन जिवंत आहे असं वाटत असतं, ते सुटायला वेळ लागतो, म्हणून तीस सेकंद पुरत नाहीत. मग फक्त मोडेम लावा, पॉन स्थिर होऊ द्या, नंतर राऊटर.

लॅपटॉपवरून थेट लॉगिन करत असाल तर एरर ६९१ म्हणजे आयडी-पासवर्ड चूक, प्लॅन संपलेला किंवा जुनं लॉगिन अडकलेलं. ६५१ असेल तर सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही, म्हणजे वायर बघा. नवा राऊटर लावल्यावरच नेट गेलं असेल तर कंपनीने जुन्या राऊटरचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा क्रमांक) बांधून ठेवलाय. फोन करून तो सोडवून घ्या किंवा राऊटरमधल्या ‘मॅक क्लोन’मध्ये जुना पत्ता भरा.

तरीही नाही, तर लॅपटॉप वायरने राऊटरला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तीन वेळा पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे पत्ता टाका आणि उत्तर येतं का बघा: राऊटरचा पत्ता, मग १.१.१.१, मग एखाद्या साइटचं नाव. पहिल्यालाच उत्तर नाही तर दोष घरात. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ताच दिलेला नाही. पहिलं ठीक, दुसरं नाही, तर राऊटरच्या पुढे दोष. दोन्ही ठीक आणि तिसरंच अडलं, तर डीएनएस गेलंय. राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा, लगेच चालू होईल.

वायरने चालतं आणि वायफायवर नाही, तर ती वेगळी गोष्ट. टॉवरमध्ये शेजाऱ्यांची पंचवीस नावं दिसत असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला मोकळा निवडा. राऊटरच्याच खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्झ घ्या. तो भिंतीपलीकडे लवकर दमतो.

फक्त परदेशी साइट रखडत असतील तर घरात शोधण्यासारखं काही नाही. मुंबईत वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल किनाऱ्याला लागतात. जानेवारी २००८मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ अशा केबल तुटल्या तेव्हा भारतातलं नेट मंदावलं होतं. वाट बघणं एवढंच हातात.

तक्रार

फोनवर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. कोणता दिवा, किती वाजल्यापासून, शेजारी चालू की बंद, आरएक्स पॉवर किती, हे चार मुद्दे सांगा. लाइनमन यायच्या दिवशी गच्चीची आणि डक्टची किल्ली कुठे आहे ते सोसायटीच्या ऑफिसात आधी विचारून ठेवा. रविवारी सेक्रेटरी गावाला आणि किल्ली त्यांच्याकडे, या एका कारणाने दुरुस्ती दोन दिवस पुढे जाते. काम झाल्यावर आरएक्स पॉवर तुमच्यासमोर बघायला सांगा. नेट आलं पण आकडा उणे २६ राहिला, तर जोड नीट झालेला नाही, तिथेच परत करून घ्या. तक्रार क्रमांकावर मुदतीत काम झालं नाही तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२च्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. अपिलात तो क्रमांक द्यावा लागतो, म्हणून त्याचा एसएमएस पुसू नका.