रंग बाहेरून, पाणी आतून: मातीच्या कुंड्या रंगवताना या चुका टाळा

कुंडी रविवारी रंगवली, सोमवारी झाड लावलं आणि महिन्याभरात बुडाकडून पापुद्रे सुटायला लागले. अशा वेळी लोक रंगाला नावं ठेवतात आणि पुढच्या खेपेला महागातला रंग आणतात. तोही सुटतो. माठातलं पाणी ज्या छिद्रांमुळे गार होतं, तीच छिद्रं कुंडीच्या भिंतीत असतात. झाडाला घातलेलं पाणी त्यांतून झिरपत बाहेर येतं आणि रंगाचा थर मागून ढकलतं. म्हणून कमी खर्चात टिकाऊ काम हवं असेल तर आधी कुंडीच्या आतल्या बाजूकडे बघा.

न वाजवता घेतलेली कुंडी

बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली. बद्द आवाज आला तर कच्ची राहिलेली किंवा कुठेतरी तडा गेलेली. कच्च्या कुंडीचा पृष्ठभागच भुगा होऊन सुटतो आणि रंगही त्याच्याबरोबर जातो. तिच्यावर रंग वाया घालवू नका.

ओल्या कुंडीवर ब्रश

नवी कुंडी धुऊन तीन दिवस, जुनी माती काढून घासलेली असेल तर पाच-सहा दिवस उन्हात वाळवा. बाहेरून कोरडी दिसते यावर जाऊ नका. तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा कुंडीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन-तीन तास उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून ओल आहे. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ही परीक्षा पास होणं अवघडच, तेव्हा काम मेपूर्वी उरकावं किंवा ऑक्टोबरात काढावं.

वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग ओल्या फडक्याने धूळ पुसून तासभर थांबा. धूळ राहिली की रंग कुंडीला न धरता धुळीला धरतो.

फेविकॉल-पाण्याचं अस्तर

स्वस्त उपाय म्हणून पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी घालून ते प्रायमरसारखं लावायची पद्धत सगळीकडे दिसते. शोभेच्या, कोरड्या मडक्याला ती चालते. पण साधा पांढरा गोंद सतत ओला राहिला की पुन्हा मऊ पडतो, आणि कुंडी तर रोजच ओली होते.

त्याऐवजी बाहेरच्या भिंतीचं पांढरं इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, घ्या. घरात रंगकामातलं उरलं असेल तर फुकटच. आठ इंची कुंडीला बाहेरून दोन हात द्यायचे तर २०० मिलीमध्ये सहा-सात कुंड्या होतात. पहिला हात पातळ: चार चमचे रंगाला दोन चमचे पाणी. चार तासांनी दुसरा, त्यात पाणी एकच चमचा. आतून वॉटरप्रूफिंगचं अ‍ॅक्रिलिक कोटिंग लावा. तेवढा खर्च नको असेल तर हेच इमल्शन दोन हात द्या. काठ, बूड आणि भोकाची आतली कड सोडू नका. भोक मात्र रंगाने बुजलेलं नसावं, वाळण्याआधी काडी फिरवून घ्या. खालून बूड कोरं ठेवणं ही नेहमीची चूक. ताटलीत साचलेलं पाणी तिथूनच वर चढतं.

रंगछटेसाठी स्टेनरची, म्हणजे इमल्शनमध्ये मिसळायच्या दाट रंगाची, छोटी बाटली पुरते. २०० मिली इमल्शनला एक चहाचा चमचा, त्याहून जास्त नको. जास्त झाला की रंग दिवसेंदिवस बोटाला चिकटत राहतो. शिवाय पांढऱ्यात कितीही लाल ओतला तरी गुलाबीच होतो. गडद रंग हवा असेल तर अ‍ॅक्रिलिकची बाटली घ्या. पोस्टर कलर आणि डिस्टेंपर पहिल्या पावसात ओघळतात. ऑइलपेंट दिसतो झकास, पण आतून ओल आली की फुगे येऊन सालपटासारखा निघतो. गच्चीवरच्या कुंडीला काळा रंग देऊ नका, एप्रिल-मेच्या उन्हात मुळं भाजतात.

गेरू आणि वारली

गेरूवर पांढरी वारली चित्रं कुंडीवर खुलतात, याबद्दल दुमत नाही. पण ती पद्धत झोपडीच्या भिंतीची आहे. तिथे तांदळाच्या पिठाचं पांढरं चालतं, कारण भिंतीला रोज पाणी घालत नाहीत. कुंडीवर नुसता गेरू पाण्यात कालवून लावला तर हाताला लागतो आणि पावसात अंगणभर लाल ओघळ येतात. गेरू वस्त्रगाळ करून घ्या आणि बाहेरच्या भिंतीच्या गडद विटकरी इमल्शनमध्ये मिसळा: चार चमचे रंगाला एक चमचा गेरू. चित्राला पांढरं इमल्शन, पाणी न घालता. बारीक रेघेला महागडा ब्रश नको, खराट्याची काडी टोकाशी ठेचून घेतली की पुरते. एका बुडवणीत एकच रेघ ओढा, नाहीतर गोळा पडतो.

बिघडल्यावर

पांढरी पूड दिसली तर ती बुरशी असेलच असं नाही, बहुधा खार असतो. पाण्यातले आणि खतातले क्षार भिंतीतून बाहेर येऊन वाळतात. कोरड्या ब्रशने झाडा, मग एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी यांनी पुसून स्वच्छ पाण्याने धुवा. त्यावर तसाच रंग फासला तर खार पुन्हा फुटतो.

रंगावर व्हार्निश लावलं असेल आणि ते दुधासारखं पांढरं पडलं तर खाली ओल कोंडली आहे. रंगाच्या शेवटच्या हातानंतर २४ तास न थांबता व्हार्निश लावल्याचा हा बहुधा परिणाम. कडक उन्हात दोन दिवस ठेवून पाहा. तरी गेलं नाही तर घासून काढावं लागतं.

पापुद्रे सुटलेत तेवढ्याच जागी ठिगळ लावू नका. झाड काढून कुंडी वाळवा आणि आतून सुरुवात करा. एवढा खटाटोप नको असेल, किंवा पुदिना-कोथिंबिरीसारखं खायचं काही लावायचं असेल, तर झाड नर्सरीतल्या काळ्या पिशवीतच किंवा प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती रंगवलेल्या कुंडीत बसवा. तळाशी विटेचे दोन तुकडे टाका, म्हणजे पिशवी साचलेल्या पाण्यात बसणार नाही. आणि हो, नव्याने रंगवलेल्या कुंड्या आठवडाभर एकात एक घालून ठेवू नका. चिकटल्या की काढताना रंगासकट निघतात.