गावातल्या एका लॅपटॉपवर सायबर सिक्युरिटीची लॅब

एम.टेक.ला सायबर सिक्युरिटी घेतली, तर हात बसतो तो घरी केलेल्या सरावानं. ८ जीबी रॅम आणि ६० जीबी रिकामी जागा असलेला लॅपटॉप त्याला पुरतो.

गावात रेंजचा भरवसा नाही. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), काली लिनक्स या सुरक्षा-चाचणीच्या प्रणालीची त्यासाठीची तयार इमेज आणि मेटास्प्लॉइटेबल २ (सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन) तालुक्याला किंवा कॉलेजात एकदाच उतरवून घ्या. पेनड्राइव्ह एक्सफॅट असू द्या. फॅट३२ वर ४ जीबीवरची फाइल बसत नाही.

घरी आल्यावर आधी पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ चालवा आणि आलेला आकडा कालीच्या साइटवर दिलेल्या शा-२५६ शी, म्हणजे फाइलच्या ठशाशी, अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळलं नाही, तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा कुणी बदलली आहे. हे खरंच घडतं: २०११ मध्ये व्हीएसएफटीपीडी या फाइल-सर्व्हरच्या २.३.४ आवृत्तीची मूळ डाउनलोड फाइलच कुणीतरी बदलून तिच्यात चोरवाट ठेवली होती. तीच आवृत्ती मेटास्प्लॉइटेबलमध्ये मुद्दाम ठेवली आहे.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये फक्त ३२-बिटचे पर्याय दिसले, तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा. कालीला २ जीबी रॅम, मेटास्प्लॉइटेबलला ५१२ एमबी. दोन्हींचं नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’च, म्हणजे लॅपटॉपच्या आतच, ठेवा. ‘ब्रिज्ड’ ठेवलं, तर ते भोकाभोकांचं मशीन घरच्या वायफायवर सगळ्यांसमोर उघडं पडतं.

आता कालीतून एनमॅप (उघडी पोर्ट शोधणारं साधन) ‘-एसव्ही’ लावून, म्हणजे आवृत्तीही कळेल असं, दुसऱ्या मशीनचा पत्ता तपासा. तो बहुधा १९२.१६८.५६ नं सुरू होतो. पोर्ट २१ वर व्हीएसएफटीपीडी २.३.४ दिसेल. तिथं टेलनेटनं जोडून युजरनेमच्या शेवटी कोलन आणि बंद कंस, म्हणजे हसरा चेहरा, टाका. पासवर्ड काहीही द्या. पोर्ट ६२०० उघडतं आणि त्याला जोडलं की थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळतो. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं वायरशार्क आधीच चालू ठेवा, म्हणजे तो चेहरा पॅकेटमध्ये जाताना डोळ्यांनी दिसतो. जर्नलमध्ये याचंच चित्र लावा.

हे सगळं फक्त स्वतःच्या मशीनवर. ग्रामपंचायतीच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर परवानगीशिवाय हात घातला, तर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लाइन केव्हाही जाते, त्यामुळे प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट (मशीनची परत येता येईल अशी नोंद) घ्या आणि बॅटरी उतरायच्या आत ‘सेव्ह स्टेट’ करा. मशीन चालू असताना लॅपटॉप बंद पडला, तर डिस्कची फाइल बिघडू शकते. मे महिन्यात टिनाखाली प्रोसेसर तापून मंदावतो; दोन मशीन चालवायचे प्रयोग पहाटेच उरका.