दुसऱ्या-तिसऱ्यांदा फ्लॅट बघायला जाताय? या चुका टाळा

रीसेलचा फ्लॅट पहिल्यांदा बघताना पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यात घर मनात भरलं की नाही, एवढंच कळतं. ओल, पाण्याचा जोर, मोजमाप, पार्किंग, शेजार, दुपारचं ऊन या गोष्टी पुढच्या भेटींत बघायच्या असतात आणि त्या बघायलाच हव्यात. अडचण एवढीच की त्या घरात माणसं राहतात. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटला दहा वेळा गेलात तरी सेल्सवाले कॉफी विचारतील. राहत्या घरात मात्र प्रत्येक भेटीसाठी कुणीतरी सकाळपासून आवराआवर केलेली असते.

घरमालकाचा हिशेब साधा असतो. दुसऱ्यांदा आले म्हणजे आता भावाचं बोलतील. तिसऱ्यांदा आले आणि तरी निरोप नाही, म्हणजे पार्टी टाइमपास करतेय. हा शिक्का बसला की किंमत कमी होत नाही आणि कागद दाखवायलाही टाळाटाळ सुरू होते. म्हणून भेटी किती झाल्या यापेक्षा प्रत्येक भेट कशासाठी आहे हे मालकाला आधी कळणं जास्त महत्त्वाचं.

चूक १: ‘परत एकदा बघून जातो’ एवढंच सांगून जाणं

हेतू न सांगता गेलात की पहिल्या भेटीचीच फेरी पुन्हा होते: हॉल, किचन, बेडरूम, गॅलरी, ‘छान आहे हो घर’, आणि बाहेर. जे तपासायचं ते राहून जातं आणि मग तिसरी भेट मागावी लागते.

निदान आदल्या दिवशी असा निरोप पाठवा: ‘उद्या सकाळी ९ ते ९.४५ येऊ का? तिघं असू. खोल्यांची मापं घ्यायची आहेत आणि बाथरूमचे नळ सोडून बघायचे आहेत. मीटर आणि पार्किंगही दाखवाल का?’ एवढं कळलं की मालक गाडी काढून ठेवतो, बाथरूममधले कपडे उचलतो, लाइटचं बिल शोधून ठेवतो. सोसायटीत गेटवर ॲपवरून एंट्री होत असेल तर तीही आधी करून ठेवतो, म्हणजे तुम्हाला वॉचमनसमोर ताटकळावं लागत नाही.

वेळ निवडताना दोन्ही बाजू बघा. जेवणाची आणि दुपारच्या झोपेची वेळ शक्यतो टाळा. पण बेडरूम पश्चिमेकडची असेल तर चारचं ऊन बघावंच लागतं. अशा वेळी कारण सांगून मागितलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. सगळ्या भेटी रविवारी सकाळी ठेवणं मात्र चुकीचं: रस्त्याचा आवाज, शाळेच्या बसची गर्दी, लिफ्टसमोरची रांग यातलं काहीच त्या वेळी दिसत नाही. एक भेट कामाच्या दिवशी साडेआठच्या आसपास आणि एक संध्याकाळी सातनंतर ठेवा. रस्ता आणि पार्किंग बघायला तर मालकाच्या घरात जायचीही गरज नाही, खाली उभं राहिलं तरी पुरतं.

चूक २: अख्खं खटलं घेऊन जाणं

आई-वडील, सासू-सासरे, मुलं, ‘इंटिरियरवाला मित्र’ आणि वास्तुवाले काका अशी आठ माणसं सातशे फुटांच्या घरात एकदम शिरली की कुणालाच काही धड दिसत नाही. एका वेळी चारच्या वर जाऊ नका. ज्येष्ठांना वेगळ्या भेटीला न्या. त्यांना लिफ्ट, जिन्याच्या पायऱ्या, बाथरूमचा उंबरठा शांतपणे बघायचा असतो.

वास्तुतज्ज्ञ आणायचा असेल तर आधी विचारा आणि त्याला तोंडावर बोट ठेवायला सांगा. ‘इथे राहणाऱ्याला पैसा टिकत नाही’ असं मालकिणीच्या देखत, तिच्याच देवघरासमोर उभं राहून बोलणारे महाभाग असतात. त्यानंतर दहा लाख कमी करा म्हणायला तोंड उरत नाही.

भिंती पाडण्याच्या गप्पाही घरी जाऊन करा. ‘हे किचन आपण सगळंच तोडू’ हे ज्यांनी पै-पै जोडून ट्रॉल्या बसवल्या त्यांना लागतं. वर तुम्ही घर घ्यायचं ठरवलंयत हेही त्यांना कळून चुकतं. दोन्हीचा फटका भावात बसतो.

चूक ३: ओल शोधताना एकतर संकोच, नाहीतर दादागिरी

दुसऱ्या भेटीचं सगळ्यात मोठं काम हेच. ‘ओल येते का हो?’ असं विचारलंत की ‘छे छे, कधीच नाही’ असं उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या दोन-तीन वर्षांत वॉटरप्रूफिंगचं काय काय काम करून घेतलंत?’ काम केलेलं लोक अभिमानाने सांगतात, आणि ते सांगता सांगता ओल कुठे होती हेही कळतं.

मग डोळ्यांनी बघा. खिडकीच्या कोपऱ्यात किंवा बाहेरच्या भिंतीला रंगाचे पोपडे आणि पांढरा खार दिसला तर पाणी बाहेरून, पावसाचं येतंय. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत ओलीचा पट्टा असेल आणि तो उन्हाळ्यातही सुकत नसेल, तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग किंवा आतली पाइप गेलेली आहे. स्लॅबला तपकिरी कड्यांचे डाग म्हणजे वरच्यांचं संडास-बाथरूम. शेवटच्या मजल्यावर असाल तर गच्ची. बाकी घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर त्या भिंतीबद्दल जरूर विचारा.

हा फरक पैशाचा आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (सरकारी नमुना नियमांनुसार) बाहेरच्या भिंती, गच्ची आणि सामाईक पाइपलाइनमधून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम, संडास, सिंकमधून होणारी गळती सभासदाने स्वखर्चाने. म्हणजे पहिल्या प्रकारात मालकाने सोसायटीला तक्रारीचं पत्र दिलंय का ते बघायचं आणि दुसऱ्या प्रकारात दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा मागायचा. भिंतीवर बोट ठेवून तिथल्या तिथे ‘अहो, हे बघा काय आहे’ असं म्हणू नका. विचारून फोटो काढा आणि विषय भावाच्या बैठकीत काढा.

भिंतीतल्या कपाटांच्या आतली पाठ बघणं रास्त आहे, कारण दमट वास तिथेच लपतो आणि ती कपाटं घराबरोबर येणार असतात. पण दार मालकालाच उघडू द्या. सुट्या गोदरेजच्या कपाटाला, फ्रिजला, देवघराच्या खणाला हात लावायचा नाही.

चूक ४: नळ फक्त उघडून बंद करणं

धार आली म्हणजे पाणी चांगलं आहे, असं नव्हे. परवानगी घेऊन बाथरूममधली बादली नळाखाली लावा आणि मोबाइलवर वेळ बघा. १० लिटरला साधारण मिनिटभर लागलं तर उत्तम. दोन मिनिटांच्या वर गेलं तर कारण शोधा. त्याच वेळी किचनचा नळ कुणालातरी सोडायला सांगा. बादलीची धार एकदम मेली तर पाइप गंजून आतून बारीक झाली असण्याचा संभव आहे. जुन्या लोखंडी पाइपांच्या इमारतींत हे हमखास दिसतं.

शेवटच्या मजल्याची गोष्ट वेगळी. तिथे गच्चीवरची टाकी जेमतेम तीन-चार मीटर वर असते आणि दर मीटर उंचीमागे दाब साधारण ०.१ बार मिळतो. म्हणजे शॉवरला पोचतो जेमतेम ०.३-०.४ बार. पाइप नवी कोरी असली तरी शॉवर रडतो आणि इन्स्टंट गिझर नीट चालू होत नाही. यावर प्रेशर पंप हा उपाय आहे, त्यामुळे तो बसवलेला आहे का आणि सोसायटी परवानगी देते का, हे विचारा. बादली भरलीच आहे तर तिच्यातले दोन मग लादीवर ओता. पाणी जाळीकडे जायला हवं, दाराकडे नको. उरलेलं पाणी बादलीत तसंच ठेवा किंवा झाडांना घाला. ज्या घरात टँकर येतो तिथे ते मोरीत ओतून देणं फार वाईट दिसतं.

टँकर येतो का, हे मालकापेक्षा वॉचमन खरं सांगतो. नोटिस बोर्डही वाचा: पाण्याच्या वेळा, थकबाकीदारांची यादी, लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी सगळं तिथे लागलेलं असतं. शेजाऱ्यांशी बोला, पण ‘हे का विकतायत?’ आणि ‘तुमच्याकडे काय भाव चालू आहे?’ हे दोन प्रश्न नकोत. संध्याकाळपर्यंत ते मालकापर्यंत पोचतात.

विजेसाठी फार वेळ लागत नाही. बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज खेचता येते, ते लिहिलेलं असतं. दीड टनाचा एसी चालताना साधारण दीड किलोवॅट खेचतो, त्यावरून तुमचे दोन एसी आणि गिझर बसतात का ते ताडून बघा. एसीच्या जागी १६ ॲम्पिअरचं सॉकेट आहे का, तेही.

चूक ५: माप घेताना वाद उकरणं

लेझर मीटर असेल तर दोन बेडरूमचं घर पंधरा मिनिटांत मोजून होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, गॅलरी वेगळी लिहा, कारण रेराच्या (स्थावर मालमत्ता कायद्याच्या) व्याख्येत खासगी गॅलरी कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, धरत नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरतात. जुन्या करारात बहुधा बिल्टअपचा (बाहेरच्या भिंती धरून) आकडा असतो आणि तोंडी सुपर बिल्टअपचा (जिना, लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटाही धरून) चालतो. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. आकडा कमी भरला तर तिथे उभ्याने हुज्जत घालू नका. ‘करारातलं क्षेत्रफळ बघून बोलतो’ एवढं पुरे.

आपल्या फर्निचरची मापं घरूनच लिहून न्या. ७२ बाय ७८ इंचाची गादी, सोफ्याची लांबी, फ्रिजची रुंदी. लिफ्टचं दारही मोजा.

पार्किंगला आपली गाडी प्रत्यक्ष लावून बघा, खांबाच्या बाजूचं दार उघडतं का ते तिथेच कळतं. गाडीच्या जागेचं माप साधारण अडीच बाय पाच मीटर असतं. आणि ‘पार्किंग नावावर आहे’ यावर विसंबू नका. स्टिल्टचं (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग बिल्डरने फ्लॅटपासून वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं आहे. सोसायटीचं वाटपपत्र बघा.

चूक ६: भाडेकरूला गृहीत धरणं

फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर किल्ली मालकाची असली तरी घर तूर्त भाडेकरूचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २८ नुसार मालकालाही आधी सूचना देऊन आणि रास्त वेळीच पाहणी करता येते, मग तुमची काय कथा. एजंटने ‘चला, उघडून देतो’ म्हटलं तरी भाडेकरूला फोन झालाय का ते विचारा. त्याच्यासमोर किंमत किंवा ‘कधी खाली करणार’ हा विषय काढू नका, करारात मुदत आणि नोटिस काय आहे ते मालकाकडून बघा. फोटोत त्याचं सामान, मुलं, कागद येऊ देऊ नका आणि ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

चूक ७: फोन न उचलणं

भेट झाल्यावर दोन दिवसांत उत्तर द्या, नकार असला तरी. ‘घर चांगलं आहे, आमच्या बजेटात बसत नाही’ किंवा ‘आईला जिना जमणार नाही’ इतकंही चालतं. एजंटमार्फत आला असाल तर निरोप त्याच्यामार्फतच जाऊ द्या. त्याला वगळून परस्पर मालकाला गाठणारे बहुतेक दलाली वाचवण्यापेक्षा व्यवहारच बिघडवून बसतात.

पितृपक्षात टोकन (व्यवहार ठरल्याची आगाऊ रक्कम) देणं बरेच जण टाळतात, पण घर बघायला काहीच हरकत नसते. उलट मालकाला वेळ असतो.

काही अडलं तर

‘आधी टोकन द्या, मग हवं तेवढं बघा’ असं मालक म्हणाला तर आधी कागदांच्या झेरॉक्स मागा: करार, इंडेक्स टू (कराराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला). कागद मिळत असतील आणि तुम्हाला घर खरंच घ्यायचं असेल, तर लहानसं टोकन चेकने द्या. पावतीवर ‘तांत्रिक पाहणी व कागदपत्रं समाधानकारक नसल्यास रक्कम परत’ ही अट घाला आणि सगळ्या सहमालकांच्या सह्या घ्या. कागदही नाहीत आणि भेटही नाही, तर सोडून द्या.

सोसायटीचे कागद बघण्याचा हक्क सभासदाचा आहे. त्यामुळे ऑफिसात एकटे गेलात तर सेक्रेटरी हात वर करेल. मालकाला बरोबर न्या. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. त्याचा अहवाल आणि कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, हे त्याच फेरीत बघून घ्या.

कर्ज काढणार असाल तर बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा माणूस) ही आणखी एक भेट असते. हे मालकाला बोलणीच्या वेळीच सांगा, नाहीतर अनोळखी माणूस दारात उभा राहून घराचे फोटो काढू लागल्यावर फोनाफोनी होते.

आणि शेवटची पाहणी रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी, घर शक्यतो रिकामं असताना. काय ठेवून जाणार याची यादी आधीच लेखी झालेली असावी: पंखे किती, गिझर, चिमणी, इन्व्हर्टर, पडद्यांचे रॉड, मीटरचं रीडिंग. यादी हातात घेऊन एकेक टिक करा. कपाट हललं की मागची भिंत पहिल्यांदाच दिसते. तिथे ओल निघाली तर शांतपणे फोटो काढा आणि दुरुस्तीची रक्कम शेवटच्या चेकमधून वळती करायचं सही होण्याआधी ठरवून घ्या. सही झाल्यावर तो विषय काढायचा म्हणजे नुसतेच हेलपाटे.